तबरीझचा ट्रॅक्टर क्लब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रॅक्टर हा इराणमधल्या तबरीझचा फुटबॉल क्लब. २०२४ मध्ये कोलकात्याचा मोहन बागान त्यांच्याशी मॅच असूनही तबरीझला गेलाच नाही, त्या भानगडीनंतर या क्लबबद्दल लोक जे विचारायला लागले ते अजून थांबलेलं नाही, आणि प्रश्नही फिरून तेच. म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. नंबर दिलेत, कारण काही उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत. घाई असेल तर १० नंबर तरी वाचाच.

१. "ट्रॅक्टर" हे खरंच क्लबचं नाव आहे का? की टोपणनाव?

खरंच नाव आहे. तबरीझमध्ये ट्रॅक्टरचा मोठा सरकारी कारखाना उभा राहिला, साल १९६८, सुरुवातीला रुमानियाच्या मदतीने, नंतर मॅसी फर्ग्युसनच्या लायसन्सवर, म्हणजे आपल्याकडे शेतात दिसते तीच मॅसी. १९७० मध्ये त्या कारखान्याचा फुटबॉल क्लब निघाला. जुनं नाव ट्रॅक्टरसाझी, आता नुसतं ट्रॅक्टर. स्थानिक लोक "तिराख्तूर" म्हणतात.

हसायला येतं मान्य, पण आपण हसू नये. ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीचा फुटबॉल क्लब मुंबईतही होता की, महिंद्रा युनायटेड! १९६२ पासूनची टीम, २००५-०६ ला नॅशनल लीग जिंकलेली, आणि २०१० ला कंपनीने चक्क बंद करून टाकली. त्याच सुमारास तबरीझच्या ट्रॅक्टरला बघायला पन्नास-साठ हजार माणूस येत होतं.

२. तबरीझ अझरबैजान देशात आहे ना? मग क्लब इराणचा कसा?

नाही, तबरीझ इराणमध्येच आहे, वायव्य कोपऱ्यात, पूर्व अझरबैजान नावाच्या प्रांताची राजधानी. अझरबैजान हा देश वेगळा, त्याची राजधानी बाकू, तो अरस नदीच्या पलीकडे. एकोणिसाव्या शतकात रशियाने इराणकडून नदीच्या उत्तरेचा भाग घेतला आणि एकच भाषा बोलणारी माणसं दोन राज्यांत वाटली गेली. इराणच्या बाजूचे अझरी संख्येने खूप जास्त आहेत, देशातला फारसीनंतरचा सगळ्यात मोठा भाषिक गट तोच, आणि ते घरात अझरी तुर्की बोलतात. बाकूच्या बाजूचा काराबाग क्लब युरोपच्या स्पर्धांत खेळतो, ट्रॅक्टर आशियाच्या. दोघांचा काही संबंध नाही.

३. इराणी फुटबॉल म्हणजे पर्सेपोलिस आणि इस्तेघलाल, बाकीचे भरतीचे, असंच ना?

तेहरानच्या पेपरांना तसंच वाटतं. लाल पर्सेपोलिस आणि निळा इस्तेघलाल, दोन्ही तेहरानचे, दोन्ही वर्षानुवर्षं सरकारच्या खिशातून चाललेले, टीव्हीवर कायम तेच. २००१ मध्ये प्रोफेशनल लीग सुरू झाली तेव्हापासून तेहरान परिसराबाहेर लीग कुणी कुणी नेली ते मोजा: इस्फहानची सेपाहान पाच वेळा, अहवाझची फूलाद २००५ आणि २०१४, त्याच शहराची इस्तेघलाल खुझेस्तान २०१६, आणि मग थेट २०२५ मध्ये ट्रॅक्टर. झालं, संपली यादी. यातल्या सेपाहान आणि फूलादमागे पोलादाचे कारखाने, म्हणजे पैसा तगडा. गर्दीच्या जोरावर उभा राहिलेला ट्रॅक्टर एकटाच, असं माझं मत, इस्फहानवाले भांडतील त्यावर.

४. सुरुवातीच्या काळात टीम कशी होती?

ठीकठाक. शहाच्या (क्रांतीआधीच्या राजाच्या) काळात तख्त-ए-जमशीद कप नावाची देशभराची लीग होती त्यात खेळली, आणि १९७६ मध्ये हजफी कपच्या फायनलला पोचली (हजफी म्हणजे नॉकआउट, हरलात की घरी). तिथे अंझलीच्या मलावानने ४-१ ने धुतलं. तेव्हा मॅचेस बाग-शोमालच्या मैदानावर व्हायच्या, शहराच्या आतच. १९७६ च्या आशिया कपच्या काही मॅचेसही याच मैदानावर झाल्या, तेहरानसोबत यजमान शहर तबरीझच होतं. १९७९ ला क्रांती, मग इराकशी आठ वर्षांचं युद्ध, त्यात देशाची लीगच मोडली, प्रत्येक शहर आपापलं खेळत बसलं. त्या काळात सांगण्यासारखं फार काही नाही.

५. करीम बाघेरी इथलाच ना?

हो, पक्का तबरीझी, १९७४ चा जन्म, ट्रॅक्टरमधूनच वर आला. ज्यांना नाव माहीत नाही त्यांच्यासाठी: इराणकडून ८७ मॅचेसमध्ये ५० गोल, आणि तोही मिडफिल्डर! १९९७ मध्ये मालदीवला इराणने १७-० हरवलं त्यात एकट्याचे सात. नंतर जर्मनीत बीलेफेल्डला खेळला, इराणचाच स्ट्रायकर अली दाई याच्या जोडीने.

त्याला घडवण्याचं श्रेय वासिले गोद्या या रुमानियन कोचला देतात. नव्वदच्या सुरुवातीला हा माणूस तबरीझला आला आणि गावातली पोरं घेऊन त्याने टीम बांधली, सिरूस दीनमोहम्मदी पण त्याच पिढीतला. पण बाघेरी १९९६ मध्ये पर्सेपोलिसला गेला आणि त्याचं सगळं नाव तिथं झालं. प्रांतातल्या क्लबचं हे जुनं दुखणं, पोरगा तयार करायचा तुम्ही आणि हार घालायचे तेहरानने.

६. मग मधली बरीच वर्षं टीम कुठे गायब होती?

खालच्या डिव्हिजनला. २००१-०२ ला प्रोफेशनल लीगचा पहिलाच सीझन झाला आणि त्यातच ट्रॅक्टर शेवटचा येऊन खाली गेला. वर यायला २००९ उजाडलं, कोच होता फराज कमालवंद. सात वर्षं एवढ्या मोठ्या शहराची मुख्य टीम खालच्या लीगमध्ये कुठल्या कुठल्या मैदानांवर खेळत होती, आणि लोक तेव्हाही जात होते, हे लक्षात घ्या म्हणजे पुढची गर्दी एकदम आभाळातून पडली असं वाटणार नाही.

७. एवढी गर्दी खरंच होते का? की फोटोतली कमाल?

खरंच होते. स्टेडियमचं नाव यादगार-ए-इमाम, पण लोक सहंदच म्हणतात, जवळच्या सहंद डोंगरावरून. १९९६ ला उघडलं, अधिकृत क्षमता ६६,८३३. शहराबाहेर उघड्यावर मोठ्ठा वाडगा, हिवाळ्यात वारा हाडं फोडतो, कारण तबरीझच मुळात समुद्रसपाटीपासून तेराशे-साडेतेराशे मीटर वर आहे आणि तिथे बर्फ पडतो. २००९ ला वर आल्यावर पहिल्याच सीझनपासून प्रेक्षकसंख्येत ट्रॅक्टर तेहरानच्या दोघांच्या तोडीस तोड, कधीकधी पुढे.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना कळत नाही. ट्रॅक्टरची तेहरानला आझादी स्टेडियममध्ये मॅच असली की तिथेही हजारो लाल शर्ट असतात (ट्रॅक्टरचाही रंग लालच), आणि ते सगळे काही बसने तबरीझहून आलेले नसतात, तेहरानमध्येच पिढ्यानपिढ्या राहणारे अझरी आहेत लाखोंनी.

८. स्टेडियममध्ये तुर्कीत घोषणा देतात म्हणे, त्या कसल्या?

काही साध्या फुटबॉलच्या. "याशासिन आझरबायजान" म्हणजे अझरबैजान झिंदाबाद, ही तर कायमच. पण दोन घोषणा सांगतो, त्यावरून अंदाज येईल.

एक शाळेची: "तुर्क दिलिंदे मद्रसे, ओल्मालिदिर हर केसे", तुर्की भाषेत शाळा, प्रत्येकाला मिळालीच पाहिजे. इराणच्या घटनेच्या १५ व्या कलमात प्रादेशिक भाषांचं साहित्य शाळेत शिकवायची मुभा लिहिलेली आहे, प्रत्यक्षात शाळा फारसीच. म्हणजे मुलगा घरात एक भाषा बोलतो आणि पहिलीच्या वर्गात दुसरीच भाषा लिहायला शिकतो, आणि पंधरा दिवसांतून एकदा साठ हजार लोकांच्यात बसून आपल्या भाषेत बोंबलायला मिळतं ते इथेच.

दुसरी उर्मिया सरोवराची. हे खाऱ्या पाण्याचं प्रचंड सरोवर तबरीझपासून फार लांब नाही, धरणं, विहिरी आणि दुष्काळ यांनी ते आटत गेलं. २०१०-११ च्या सुमारास स्टँडमधून आवाज यायला लागला, "चला जाऊ, रडू या, उर्मिया भरू या". डोळ्यातल्या पाण्याने सरोवर भरायचं! पर्यावरणाच्या मोर्चाला परवानगी नाही तर मोर्चा फुटबॉलला गेला, सरळ हिशोब. त्या दिवसांत पोलिसांनी धरपकडही केली.

यामागे अपमानाचाही भाग आहे. इराणी विनोदांमध्ये तुर्क (त्यांच्या बोलण्यात अझरी) म्हणजे बिनडोक, गाढव, असं जुनं चालत आलंय, आणि तेहरानच्या स्टेडियममध्ये ट्रॅक्टरच्या लोकांना त्याच शिव्या ऐकाव्या लागतात. २००६ मध्ये एका सरकारी पेपरात अझरी बोलणारं झुरळ काढलेलं कार्टून आलं त्यावर तबरीझ पेटलं होतं. ती पिढी तीन वर्षांनी सहंदच्या स्टँडमध्ये होती.

९. म्हणजे हे फुटीरतावादी आहेत का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याला हो-नाहीत उत्तर नाही. काही लोक स्टँडमध्ये बाकू-अंकाराच्या घोषणा देतात हे खरं, सरकार त्यावर बारीक लक्ष ठेवतं हेही खरं. पण गर्दीतल्या बहुतेकांचं म्हणणं भाषा, मान आणि तेहरानची दादागिरी एवढ्याभोवतीच फिरतं. शिवाय अझरी हे इराणमध्ये कोपऱ्यात ढकललेले वगैरे नाहीत, बाजारात, सैन्यात, राजकारणात वरपर्यंत आहेत. २०२४ ला राष्ट्राध्यक्ष झालेले पेझेश्कियान तबरीझचेच खासदार होते. अली दाई अर्दबीलचा, म्हणजे अझरीच, आणि तो पर्सेपोलिसचा हिरो. अझरी घरांतही पर्सेपोलिस-इस्तेघलालवाले ढिगाने सापडतात. त्यामुळे "ट्रॅक्टरचा फॅन म्हणजे वेगळा देश मागणारा" असं कुणी लिहिलं तर त्याने सहंदला पाऊल ठेवलेलं नाही असं समजा.

१०. २०१५ ला नक्की काय झालं होतं? चॅम्पियन झाले आणि नव्हते पण, असं कसं?

बसा, हे नीट सांगतो.

१५ मे २०१५, लीगचा शेवटचा दिवस. ट्रॅक्टर, सेपाहान आणि नफ्त तेहरान, तिघांनाही चान्स. ट्रॅक्टर घरच्या मैदानावर नफ्तशीच खेळत होता, जिंकला की चॅम्पियन, बाकी कुणाकडे बघायची गरज नाही. सेपाहान तिकडे इस्फहानला सायपाशी. सहंद सकाळपासून खच्चून भरलेलं, क्लबच्या इतिहासातली पहिली लीग, कोच पोर्तुगालचा टोनी ऑलिव्हेरा. ट्रॅक्टर ३-१ ने पुढे गेला. आता कोण अडवतंय!

मग आंद्रानिक तेमूरियानला रेड कार्ड. हा इराणचा कॅप्टन, अनुभवी माणूस, आणि तो बाहेर गेला. नफ्तने एक परत केला, मग दुसरा, ३-३. पण तेवढ्यात मैदानात बातमी फिरली की सेपाहानची मॅचही बरोबरीत चाललीय, म्हणजे हा ड्रॉसुद्धा चालतो. स्टेडियममध्ये मोबाइल आणि इंटरनेट बंद पडलेलं, त्यामुळे खात्री करायला मार्ग नाही. शेवटची मिनिटं एक गोल मारायला जीव टाकायचा सोडून टीम ड्रॉ सांभाळत बसली. शिट्टी वाजली, लोक मैदानात घुसले, प्लेयर्सना खांद्यावर घेतलं, रडारड, नाच, सगळं.

आणि मग कळलं की सेपाहान २-० ने जिंकलीय. लीग इस्फहानला गेली.

नेटवर्क कुणी बंद केलं, बातमी कुणी सोडली, यावर तबरीझमध्ये आजही प्रत्येकाची आपली थिअरी आहे आणि बहुतेकांच्या मते ते मुद्दाम केलेलं होतं. सरकारला एवढ्या गर्दीची भीती वाटली म्हणून, असं म्हणतात. पुरावा म्हणाल तर कुणी समोर ठेवलेला नाही. माझ्या मते रेड कार्ड आणि ढिसाळ डिफेन्स हे कारण पुरेसं होतं, पण हे तबरीझमध्ये उभं राहून मी बोलणार नाही.

११. क्लबचा मालक कोण? सरकार?

आधी कारखाना. नंतर शेअर्स इकडून तिकडे गेले आणि २०१० च्या दशकात रिव्होल्यूशनरी गार्डशी (क्रांतीनंतर उभी राहिलेली सरकारची वेगळी फौज) जोडलेल्या मंडळींच्या हातात कारभार होता. गंमत बघा, स्टँडमध्ये सरकारविरोधी घोषणा आणि ऑफिसात सरकारी माणसं. २०१८ मध्ये मोहम्मदरझा झोनूझी या उद्योगपतीने क्लब घेतला, तेव्हापासून खासगी. पैसा आला, त्याचबरोबर दर काही महिन्यांनी कोच बदलायची सवयही आली (१४ बघा).

१२. काही प्लेयर्स एक-दोन सीझन खेळून परत जुन्या टीमला का जायचे?

मिलिटरी सर्व्हिस. इराणमध्ये मुलांना सैन्यात सक्तीची नोकरी करावी लागते, आणि ठराविक क्लबांना सैनिक-खेळाडू घ्यायची सवलत होती, म्हणजे बंदूक धरायच्या ऐवजी त्या क्लबकडून खेळायचं. ट्रॅक्टर त्यातला एक. इहसान हाजसफी २०११ ला सेपाहानमधून असाच आला होता. बाकीचे क्लब यावर चिडायचे, आणि चूक नव्हतं त्यांचं, चांगला प्लेयर जवळजवळ फुकटात मिळतो म्हटल्यावर.

१३. माशीनसाझी, गोस्तरेश फूलाद, शहरदारी हे सगळे तबरीझचेच ना? यातला ट्रॅक्टर कोणता?

कुठलाच नाही, ट्रॅक्टर वेगळा. माशीनसाझी हा मशीन टूल्सच्या कारखान्याचा क्लब, ट्रॅक्टरपेक्षा एका वर्षाने मोठा, रंग हिरवा, जुनी तबरीझ डर्बी यांच्यातली. शहरदारी म्हणजे महापालिकेचा. गोस्तरेश फूलाद हा झोनूझींचा आधीचा क्लब. २०१८ ला त्यांनी ट्रॅक्टर घेतला तेव्हा गोस्तरेशची लीगमधली जागा माशीनसाझीच्या नावावर झाली, त्यामुळे जुने रेकॉर्ड बघताना लोकांचा गोंधळ होतो. तुम्ही २०१८ च्या आधीचं टेबल बघत असाल तर गोस्तरेश आणि माशीनसाझी दोन वेगळ्या टीम समजा, एवढं पुरे.

१४. जॉन टोशॅक तिथं कोच होता हे खरंय का?

खरंय! लिव्हरपूलचा जुना स्ट्रायकर, रियाल माद्रिदचा कोच राहिलेला माणूस, २०१८ मध्ये तबरीझला. काही महिन्यांतच गेला. त्याच्या पाठोपाठ बेल्जियमचे जॉर्ज लीकेन्स, मग तुर्कीचे मुस्तफा देनिझली. प्लेयर्समध्ये अँथनी स्टोक्स, ली अर्विन, हॅरी फॉरेस्टर अशी ब्रिटन-आयर्लंडची मंडळी, सोबत मसूद शोजाई, अश्कान देजागाह, हाजसफी पुन्हा. कागदावर जबरदस्त, टेबलवर यथातथाच.

१५. एकूण जिंकलंय काय?

लीग एकदा, २०२४-२५. हजफी कप दोनदा: २०१३-१४ ला केरमानमध्ये मेस केरमानला १-० हरवून, आणि २०१९-२० ला मशहदमध्ये इस्तेघलालला ३-२ हरवून, कोच साकेत इल्हामी, कोविडमुळे स्टेडियम रिकामं. म्हणजे ज्या क्लबची ओळखच गर्दी त्याने तेहरानच्या टीमला फायनलमध्ये हरवलं तेव्हा बघायला कुणीच नाही.

२०१५ ची गोष्ट (१० बघा) सोडली तर लीगमध्ये दुसरे आले २०११-१२ ला अमीर घालेनोईच्या हाताखाली, आणि २०१२-१३ ला टोनीच्या. यातलं दुसरं जास्त झोंबतं, कारण घालेनोई मधल्या सुट्टीत ट्रॅक्टर सोडून इस्तेघलालला गेला आणि त्या वर्षी लीग त्यानेच नेली.

१६. मग २०२५ ला असं काय वेगळं झालं?

कोच टिकला आणि टीम नीट निवडली, बाकी जादू नाही. द्रागान स्कोचिच, क्रोएशियाचा, इराणला २०२२ वर्ल्डकपला पोचवलं आणि वर्ल्डकपच्या तोंडावर ज्याला काढून टाकलं तोच. त्यामुळे त्याचाही हिशोब बाकी होता. गोलमध्ये अलीरझा बैरानवंद, २०१८ ला रोनाल्डोची पेनल्टी अडवणारा, तो पर्सेपोलिस सोडून आला आणि त्यावरून बराच वाद झाला. पुढे अमीरहुसेन हुसेनझादे, सोबत मेहदी तोराबी, आणि कोचने स्वतःच्या ओळखीचे क्रोएशियन आणलेले. महत्त्वाचं म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत ताणलंच नाही, आधीच लीग खिशात टाकली. १० नंबर वाचला असेल तर तबरीझवाल्यांना याचं काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको.

१७. बायकांना सहंदमध्ये जाता येतं का?

क्रांतीनंतर इराणमध्ये पुरुषांच्या मॅचला बायकांना स्टेडियम बंदच होतं. २०१९ मध्ये सहर खोदायारी या इस्तेघलालच्या फॅन मुलीने खटल्याच्या भीतीने स्वतःला पेटवून घेतलं, त्यानंतर फिफाने दबाव आणला आणि ऑक्टोबर २०१९ ला आझादीवर इराण-कंबोडिया मॅचला बायका आत गेल्या. लीगच्या मॅचला तेहरानमध्ये २०२२ पासून. अजूनही हे शहर, मॅच आणि अधिकारी यांच्या मर्जीवर चालतं, तिकिटं वेगळी, स्टँड वेगळा. तेव्हा "आता सगळं खुलं झालंय" असं कुणी सांगितलं तर लगेच मान हलवू नका.

१८. मोहन बागान तबरीझला गेलाच नाही, त्याचं पुढे काय झालं?

मॅच होती २ ऑक्टोबर २०२४, एएफसी (आशियाचा फुटबॉल महासंघ) चॅम्पियन्स लीग टू. आदल्याच दिवशी इराणने इस्रायलवर क्षेपणास्त्रं सोडली. बागानच्या प्लेयर्सनी जायला नकार दिला, टीम विमानात बसलीच नाही. एएफसीने त्यांनी स्पर्धेतून माघार घेतली असं धरलं आणि त्यांची आधी झालेली ताजिकिस्तानच्या रावशानविरुद्धची ०-० मॅचही रद्द केली. ग्रुपमध्ये तीनच टीम उरल्या.

प्लेयर्सना दोष द्यावा असं मला वाटत नाही, पण मॅच तटस्थ ठिकाणी हलवायचा निर्णय एएफसीला वेळेत घेता आला असता. आणि हो, २०२५ ला बागान पुन्हा इराणला गेला नाही ती मॅच सेपाहानविरुद्ध इस्फहानला होती. ट्रॅक्टरचा त्यात संबंध नाही, लोक दोन्ही एकत्र करतात.

१९. मुंबई सिटी पुण्यात खेळली होती ती टीम हीच का? आणि गोव्यात आलेली?

नाही, दोन्ही नाही. बालेवाडीला सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई सिटीला २-० हरवून गेली ती नस्साजी माझंदरान, कास्पियन किनाऱ्याकडच्या घाएमशहरची, कापडगिरणीच्या कामगारांची टीम. २०२१ ला फातोर्ड्यात एफसी गोवाशी खेळला तो पर्सेपोलिस, एदू बेदियाने आधी गोल मारून अर्धा गोवा नाचवला होता पण शेवटी २-१ हरलो. नस्साजीवर वेगळं लिहायचंय, गिरणगाव माहीत असलेल्यांना ती गोष्ट चटकन कळेल.